गव्हाविना आळण

माघात ज्वारीची कणसं भरली की आमच्या भागातल्या वाऱ्याला कोरडा, गोडसर वास येतो. साताऱ्यात शिकायला आले आणि शिक्षिका होऊन इथंच राहिले, त्याला आता खूप वर्षं झाली. या घराच्या गच्चीवरून शेत दिसत नाही, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या तेवढ्या दिसतात. तरी मंडईत हुरडा आला की मला तो वास येतो, आणि मग दोन-चार दिवस माझं कशात लक्ष लागत नाही.

परवा अशाच एका सकाळी वैशाली आली. ती माझी शाळेतली विद्यार्थिनी, आता एका चार वर्षांच्या मुलीची आई. मुलगी सारखी आजारी असायची. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्यांसारखे, वाढ खुंटलेली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी निदान केलं. मुलीला गहू चालत नाही. गव्हात ग्लुटेन नावाचं काहीतरी असतं, ते तिच्या आतड्याला जाळतं. जन्मभर गहू बंद.

"बाई, पोळीचं मी भागवते हो, भाकरी करते," वैशाली म्हणाली. "पण रस्सा कसा करू? आमच्याकडे रश्शाला कणकेचं आळण लावतात. तिला दाट रस्साच आवडतो. गव्हाशिवाय घरी दाट रस्सा होतो का?"

हा प्रश्न मला कुणी विचारेल असं कधी वाटलं नव्हतं. आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. फार जुनं, फार उशिरा आलेलं उत्तर.

"होतो," मी म्हणाले. "हुलगे आण."

दुसरी मोठी लढाई संपली त्याच्या पुढच्या माघात माझे यजमान पलटणीतून घरी आले. त्यांचं नाव मारुती. त्या काळी हे नाव मी कधी तोंडानं घेतलं नाही, आता लिहिते आहे. आमचं गाव वडूजच्या जवळ, माळावरचं. पाऊस येईल तेव्हा येणार, नाही तर नाही. ज्वारी, बाजरी, हुलगे, मटकी, यांवरच गाव जगायचं. प्रत्येक घरातला एखादा तरी पलटणीत, तसे हेही गेलेले. सासरे आधीच वारलेले. घरात सासूबाई आणि मी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची.

हे लोणंदला आगीनगाडीतून उतरले आणि तिथून कुणाच्या तरी बैलगाडीतून आले. मी विहिरीवरून येत होते. गाडीत मागे एक म्हातारा पोत्याला टेकून बसलाय असं मला वाटलं. गाडी आमच्याच दाराशी थांबली. मग तो म्हातारा उतरला, आणि डोक्यावरच्या घागरीतलं पाणी माझ्या खांद्यावरून सांडायला लागलं, कारण मान सरळ ठेवायचं मला भान राहिलं नाही.

लग्नात पाहिलेला माणूस उसाच्या कांड्यासारखा भरलेला होता. हा माणूस म्हणजे खाकी डगल्यात घातलेली हाडं.

आत्याबाई भाकरतुकडा ओवाळायचं विसरल्या. त्यांनी लेकाचं मनगट धरलं. त्यांची बोटं त्या मनगटाभोवती फिरून परत एकमेकांना भिडली.

"काय खायला घालत हुते रं तुला तितं?"

"लय घालत हुते, आये," ते हसून म्हणाले. "गव्हाच्या चपात्या. सकाळी चपाती, सांजच्याला चपाती. कवातरी डबलरोटी. खाल्लेलं ऱ्हायचं न्हाई पोटात. इस्पितळात म्हनले, संग्रहणी हाय. मग दिलं धाडून घरला."

संग्रहणी. हा शब्द त्या दिवशी आमच्या घरात आला, आणि घरच्या माणसासारखा राहिला.

पण तो माघ सुगीचा होता. ज्वारी आली होती. खळ्यावर कणसांचे ढीग, तिवड्याच्या खांबाभोवती फिरणारे बैल, उफणणीचा भुसा उन्हात सोन्यासारखा उडतोय, केसांत, भुवयांत, पाण्याच्या तांब्यातसुद्धा. हे खळ्याच्या कडेला घोंगडीवर बसायचे. मी तव्यावरून निघालेली भाकरी आणि हुलग्याचं माडगं न्यायची. ते भाकरीचा पापुद्रा उचलायचे, त्यातली वाफ नाकाजवळ धरायचे, आणि मग खायचे.

खाल्लेलं अंगी लागायला लागलं. आधी चेहरा बदलला, मग आवाज. होळीला माझे वडील आले होते, त्यांच्याबरोबर ते चालत शिवारात जाऊन आले. चैत्रात त्यांनी मोट धरली. आत्याबाई शेजारणींना सांगायच्या, "घरची हवा ती घरची हवा."

हवा. आम्ही सगळं श्रेय हवेला दिलं.

पुढचा पाऊस नीट पडलाच नाही. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरड्या गेल्या. बाजरी वीतभर उगवून वाळली. सुगीतल्या ज्वारीतला बराच वाटा सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत गेला होता, उरलेली श्रावणापर्यंत पुरली. मग घरात ज्वारी राहिली ती फक्त कणगीतली, बियाण्याची. तिला हात लावायचा नसतो. कणगीचं तोंड शेणानं लिंपलेलं असतं. ते फोडायचं ते पेरणीलाच.

मग वडूजला रेशनवर धान्य मिळायला लागलं. परदेशातला तांबडा गहू. आमच्या गावात गहू सणालाच दिसायचा. बायका पोती बघून हरखल्या. आत्याबाईंना तर देवच पावल्यासारखं झालं. "आजाऱ्याला गव्हासारखं हलकं काय न्हाई," त्या म्हणाल्या. लेकाला त्या स्वतः चपात्या करून घालायच्या, मऊसूत, कडेला कुठं कडक राहू द्यायच्या नाहीत. आणि मी रश्शाला कणकेचं आळण लावायची.

आळण ही माझ्या हातची कला होती. मी आष्ट्याची. तिकडे कृष्णाकाठी ऊस, गहू, हळद. माहेरी आईनं मला शिकवलं होतं. कणीक मंद जाळावर बदामी होईपर्यंत भाजायची, गार पाण्यात कालवायची, आणि उकळत्या रश्शात एका हातानं धार धरत दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. गुठळी होता कामा नये. मग रस्सा असा जमून येतो की भाकरीचा तुकडा बुडवला तर थेंब न सांडता तोंडापर्यंत येतो. कणीक पाण्याला, तेलाला, तिखटाला, सगळ्यांना एकत्र बांधून ठेवते. बाकी पिठांना ते जमत नाही.

मी ते आळण रोज लावत होते. यांना बळ यावं म्हणून जरा जास्तच.

भाद्रपद येईतो ते पुन्हा घोंगडीला लागले. पोट फुगायचं. परसाकडं जाऊन येताना भिंत धरायचे. एकदा परत येताना मधेच बसले आणि मला हाक मारायलाही आवाज निघेना. मी गेले तेव्हा ते जमिनीकडे बघत होते. मला म्हणाले, "जरा बसू दे. मग उठतो." उन्हात मी त्यांच्यावर पदराची सावली धरून उभी राहिले. दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही.

सर्व्हिस मोटारीनं त्यांना साताऱ्याला नेलं. डॉक्टर भले होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या. म्हणाले, "ज्वारी, बाजरी, कडधान्यं एकदम बंद करा. जड पडतात. गव्हाची पातळ पेज, रव्याची खीर, दुधात भिजवलेली डबलरोटी एवढंच द्या."

मी मान हलवली. एवढ्या शिकलेल्या माणसानं सांगितलं, त्याला आम्ही काय विचारणार? आणि त्यांनी तरी दुसरं काय सांगायचं? तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं.

जावई आजारी म्हटल्यावर आष्ट्याहून माझे वडील आले. आबांनी खपली गव्हाची एक लहानशी गोणी आणली होती, स्वतःच्या रानातली, निवडून पाखडून. "खपलीची हुग्गी घाला रोज," ते म्हणाले. "आमच्याकडं बाळंतिणीलाबी देत्यात. हाडाला लागती." त्या खिरीसाठी त्यांनी स्वतः चुलीपुढं बसून गूळ चिरला. वाटी यांच्या हातात दिली आणि शेवटचा घास जाईपर्यंत समोर बसून राहिले.

"लय ग्वाड झालीय, आबा," हे म्हणाले.

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काहीतरी करू शकलो, या समाधानाचं पाणी होतं ते. मला आजही ती वाटी आठवते. त्या घरात त्या वर्षी जो तो आपल्या जवळचं सगळ्यात चांगलं काढून यांना भरवत होता.

मग असं झालं, की आश्विनाच्या सुरुवातीला रेशनचं धान्य आलंच नाही. कुठं पूल खचला म्हणाले, कुठं आगीनगाडीच अडली म्हणाले. आबांची गोणीही संपली होती. घरात हुलग्यांचं एक गाडगं होतं आणि परसात थोडी शेवग्याची पानं. आम्ही हुलगे भाजले, जात्यावर भरडले, आणि सकाळ-संध्याकाळ माडगंच. पातळ, तपकिरी, ओल्या मातीसारख्या वासाचं. यांना ते द्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलेलं.

थोड्या दिवसांनी मी सारवत असताना मागून आवाज आला, "आगं, दोर दे जरा. खाटंची दावण ढिली झालीया."

वळून पाहिलं तर हे उठून बसले होते. खाटेचा दोर ओढत होते. चेहऱ्यावर घाम होता, पण तो काम करणाऱ्या माणसाचा घाम होता.

मी शेणाचा हात तसाच धरून उभी राहिले. डोक्यात एकामागून एक गोष्टी लागायला लागल्या. पलटणीत चपात्या, तेव्हा आजार. सुगीत भाकरी, तेव्हा बरे. रेशनचा गहू आला, पुन्हा आजार. गहू संपला, आणि आता हे बसलेत.

त्या दुपारी मी आत्याबाईंना सांगितलं. घाबरत सांगितलं.

"आत्याबाई, यांना गहू बाधतोय."

त्या हुलगे निवडत होत्या. त्यांनी वर पाहिलं. "काय बाधतंय?"

"गहू. भाकरीवर असत्यात तवा बरं असत्यात. चपाती खाल्ली की..."

"आगं, गव्हानं मानूस जगतंय. मरतंय व्हय?" त्या रागावल्या नाहीत, घाबरल्या. ते मला नंतर कळलं. "डागदर काय सांगतोय, आन् तू काय सांगतीस? उद्या त्याचं बरंवाईट झालं तर लोकं म्हनतील, सुनंनं कदान्न घालून मारला."

आतून हे म्हणाले, "आये, तिचं ऐक. गहू पोटात गेला की कळ उठती, हे मला तितंबी कळत हुतं. पर पलटणीत मी कुनाला सांगायचं? जे वाडतील ते खायाचं. आन् हितं तू मायेनं घालत हुतीस, तवा न्हाई म्हनवंना."

हुलग्यांचं सूप बाजूला ठेवून आत्याबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी रेशनचा गहू आला. तो त्यांनी घरात आणला, पण यांच्यासाठी चपाती केली नाही.

तेव्हापासून मी यांचा रस्सा वेगळा करायला लागले. आणि तेव्हा मला कळलं, की कणकेशिवाय रस्सा बांधणं किती अवघड आहे.

ज्वारीचं चिमूटभर पीठ लावून पाहिलं. रस्सा खळीसारखा झाला, वरून साय धरली आणि खाली पाणी. शेजारून वाटीभर बाजरीचं पीठ मागून लावलं. ते जुनं होतं, सगळा रस्सा कडवट झाला. हुलग्याचं पीठ नुसतंच लावलं तर ते तळाशी बसायचं. वाढताना वर पाणी यायचं आणि भांड्याच्या बुडाला चिखल. यांना दाट रस्साच हवा असायचा. पातळ बघितलं की त्यांना इस्पितळ आठवायचं. ते तसं म्हणायचे नाहीत, पण घास हळू व्हायचा.

मग एकदा मी हुलग्याचं पीठ आधी कोरडंच खमंग भाजलं. त्यात भाजलेल्या तिळांचं वाटण घातलं, आणि ते ताकात कालवून ठेवलं. चुलीच्या निखाऱ्यात कांदा भाजला. लसूण आणि सुक्या मिरच्या पाट्यावर वाटल्या. रस्सा उकळल्यावर जाळ ओढून घेतला. उकळत्यात आळण ओतलं तर ते फाटतं, हे आदल्या खेपेला कळलं होतं. निवत आलेल्या रश्शात धार सोडली, आणि मग पुन्हा हळूहळू तापवत नेलं. हात थांबवला नाही. ढवळून ढवळून मनगट दुखायला लागलं. आणि एका क्षणी पळी जड झाली. रस्सा पळीच्या पाठीला चिकटून राहिला.

मी एकटीच हसले. चुलीपुढं, धुरात, डोळे पुसत.

यांनी भाकरीचा तुकडा बुडवला. थेंब सांडला नाही. "कसलं आळण लावलंस?"

"तुमच्या घरचं हाय," मी म्हणाले. "हुलग्याचं."

ती भाकरी कुठून आली, ते सांगायचं राहिलं. तोवर कणगी फुटली होती.

हुलग्यानं आळण होतं, पण भाकरी होत नाही. रश्शाबरोबर काय द्यायचं? गावात ज्वारी कुणाकडेच नव्हती, होती ती सगळ्यांच्या कणग्यांत, बियाण्याची. पेरणी तोंडावर आलेली. हस्ताचा एक पाऊस झाला होता, रान वाफशावर येत होतं. एका सकाळी मी जागी झाले तर ठकठक आवाज येत होता. आत्याबाई विळ्याच्या मुठीनं कणगीचं लिंपण फोडत होत्या. शेणाच्या खपल्या त्यांच्या पायांवर पडत होत्या.

"आत्याबाई, मग प्येरायचं काय?"

"रान हितंच ऱ्हातंय," त्या म्हणाल्या. "त्येला म्होरल्या साली प्येरू."

त्यांनी ओंजळ भरून ज्वारी काढली आणि माझ्या पदरात ओतली. मोत्यासारखी, टपोरी, कडुलिंबाच्या पाल्याचा वास असलेली. मी जात्याचा खुंटा धरला, पण बराच वेळ जातं फिरवायला हात धजेना.

बियाणं दळतेय ही बातमी गावात लपत नाही. आमच्या वाडीशेजारी धोंडाबाई राहायची. मेंढपाळाचं घर तिचं. मेंढरं घेऊन ते लोक नुकतेच परतले होते. ती एके दिवशी आली, दारातच बसली, आणि घोंगडीच्या खोळीतून ज्वारी काढून सुपात ओतली.

"हे प्येराय घ्या," ती आत्याबाईंना म्हणाली. "आमी यंदा थोडंच रान धरलंय. मेंढरावर भागतंय आमचं."

आत्याबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. धोंडाबाईला यांचा आजार कसला, गहू की ज्वारी, काही माहीत नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की या घरात बियाणं शिजतंय.

रान पेरलं गेलं. यांनी पाभरीमागं बी सोडायच्या चाड्यावर मूठ धरायचा हट्ट केला. एक ओळ पूर्ण केली आणि बांधावर बसले.

इथपर्यंत सांगितलं तेव्हा वैशाली म्हणाली, "म्हणजे ते बरे झाले, ना बाई?"

मी तिला चहा दिला.

ते पुरते बरे झालेच नाहीत. गहू बंद होता. मी त्यांच्या ताटाजवळ कणकेचा हातही येऊ देत नव्हते. तरी आठवड्यात एकदा-दोनदा पोटात कळ उठायची. मिळवलेलं सगळं त्या एका दिवसात निघून जायचं. मी चक्रावून जायची. आज काय दिलं मी? काल काय दिलं? भाकरी तीच, हुलगा तोच. मला वाटायला लागलं, की आपलं चुकलंच असणार. गव्हाचा काही संबंध नसणार.

आणि कळ उठली की आत्याबाई धावायच्या. पोटदुखीवरचा आमच्याकडचा हुकमी उपाय त्या करायच्या. हिंगाचा खडा उगाळून ताकात द्यायच्या. पुढं पुढं मला म्हणाल्या, "आधीच घालत जा की रश्शात. कळ उठायच्या आतच दाबली जाईल." मग मी रोज आळण ओतण्याआधी रश्शाला हिंगाची फोडणी द्यायला लागले. तो वास घरभर दरवळायचा. औषधाचा, काळजीचा वास.

वैशाली त्या दिवशी उठताना म्हणाली होती, "डॉक्टरांनी हिंगसुद्धा पारखून घ्यायला सांगितलाय, बाई. बाजारातल्या हिंगात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं."

ती जिना उतरून गेली. मी स्वयंपाकघरात गेले आणि उभी राहिले. गॅस बंद होता. काही उतू जात नव्हतं. तरी मी ओट्याला धरून कितीतरी वेळ उभी होते. आमचा तो हिंग कसा होता, त्यात काय होतं, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. त्याच्यानंच झालं असंही म्हणवत नाही, नाही असंही म्हणवत नाही. त्या घरात एक आई होती आणि एक बायको होती. दोघींनी आपल्याला ठाऊक होतं ते सगळं केलं. जे ठाऊक नव्हतं ते डब्यात, फडताळात, हाताशीच बसलेलं होतं, आणि आम्ही त्याच्यावर भरवसा ठेवत होतो. याला काय म्हणायचं? चूक म्हणता येत नाही. चूक म्हणता आली असती तर बरं झालं असतं. चुकीबद्दल रडता तरी येतं.

पौषात पुन्हा साताऱ्याला गेलो. या खेपेला मी धीर करून डॉक्टरांना सगळं सांगितलं. गव्हाचं, भाकरीचं, बियाण्याचं. माझं ऐकताना त्यांनी लेखणी खाली ठेवली.

"बाई, असं मी कुठं वाचलेलं नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही रोज बघताय, मी दोनदाच पाहिलंय. तुम्हाला जे दिसतं तसं करा." मग जरा थांबून म्हणाले, "माझ्याकडे याच्यापेक्षा चांगलं काही नाही."

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मानूस खरा हाय." आम्ही मोटारतळावर बसलो. समोर एक बाई भजी तळत होती. हे तिकडं बघत होते. मी विचारलं, "खावंसं वाटतंय?" ते म्हणाले, "न्हाई. नुसतं बगतो. खानाऱ्यांच्याकडं बगायला बरं वाटतंय."

माघ लागला. पेरलेलं पीक उत्तम आलं, धोंडाबाईचं बी. कणसं अशी भरली की ताटं वाकली. पाखरांच्या झुंडी यायला लागल्या. हे राखणीच्या माळ्यावर चढू शकत नव्हते, बांधावरच घोंगडी टाकून बसायचे. हातात गोफण असायची, पण ती फिरवायची ताकद नव्हती. तोंडानंच हाकायचे. "हाऽ हाऽ" असा बारीक आवाज निघायचा. पाखरं उडायची नाहीत. मी खुरपं टाकून टाळ्या वाजवायची, मग उडायची. आणि हे म्हणायचे, "बगितलंस? भ्याली मला." आम्ही दोघं हसायचो.

पहिली कणसं कापून, मळून, मी नवी ज्वारी दळली. नव्या ज्वारीच्या भाकरीला थापताना चीर पडत नाही. ती तव्यावर टम्म फुगली. रस्सा केला. ते अर्धी भाकरी खाऊन थांबले. ताटाला हात लावून बसून राहिले.

"पोट दुखतंय?"

"न्हाई. लय चांगली झालीया." मग म्हणाले, "जरा उशीर झाला, न्हाई?"

भाकरीला उशीर झाला म्हणतायत की कशाला, मी विचारलं नाही. मी पाण्याचा तांब्या भरायला उठले.

नंतर त्यांना साधा ताप आला. गावात त्या दिवसांत बऱ्याच जणांना आला होता, सगळे उठले. यांच्या अंगात उठण्यापुरतंही काही शिल्लक नव्हतं. सकाळच्या उन्हात, खळ्यावर बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज येत असताना, त्यांनी आईकडं पाणी मागितलं. आत्याबाईंनी चमच्यानं पाजलं. अर्धं आत गेलं, अर्धं हनुवटीवरून ओघळलं. आत्याबाईंनी ते पदरानं पुसलं, आणि पुसतच राहिल्या.

मला पुढचे दिवस नीट आठवत नाहीत. तेरावा मात्र आठवतो.

आमच्याकडे तेराव्याला गव्हाची खीर लागते. सगळी भावकी, सगळा गाव जेवतो. यांचे धाकटे चुलते तात्या, त्यांनी पुढाकार घेऊन कुठून कुठून गहू गोळा केला होता. त्या टंचाईत लोकांनी आपल्या वाट्याचा मूठ-मूठ काढून दिला होता. आदल्या दिवशी गहू सडायला बायका जमल्या. उखळ मांडलं. तेवढ्यात आत्याबाई आतून बाहेर आल्या.

"गहू सडू नगा," त्या म्हणाल्या.

बायकांची मुसळं थांबली. तात्या ओट्यावरून उठले. "वैनी, काय झालं?"

"उद्या भाकरी आन् हुलग्याचा रस्सा हुईल."

"आवं, कार्य हाय ते. खीर न्हाई केली तर लोकं काय म्हनतील?"

आत्याबाईंचा आवाज चढला नाही. "म्हनू द्या. ज्या दान्यानं माजं पोरगं खाल्लं, त्यो दाना मी त्याच्या नावानं लोकास्नी वाडू व्हय?"

त्यांना ते खरंच पटलं होतं, की दुःखानं बोलत होत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. पण मी जी गोष्ट चोरून, घाबरून, एकटीनं धरून ठेवली होती, ती त्यांनी सगळ्या गावासमोर स्वतःच्या अंगावर घेतली. मग तात्यांनी खाली वाकून गव्हाचं सूप उचललं, आणि ज्याचा त्याला परत द्यायला स्वतः निघाले.

दुसऱ्या दिवशी अंगणात मोठी चूल मांडली. नव्या ज्वारीच्या भाकऱ्या बायकांनी पहाटेपासून थापल्या. भावकीतल्या पोक्त बायका म्हणाल्या, तू बस, आम्ही करतो. पण आळण कुणाला जमेना, म्हणून मलाच उठावं लागलं. कपाळ मोकळं, हात मोकळे. मी पितळेच्या मोठ्या पातेल्यात धार सोडत गेले आणि ढवळत राहिले. आबा आष्ट्याहून आले होते. ते चुलीत लाकडं सारत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

गाव जेवला. खिरीचं कुणी नाव काढलं नाही. पंगती उठल्या, पत्रावळी गोळा झाल्या, ऊन कलायला लागलं. आत्याबाईंनी त्या दिवसांत नीटसं काही खाल्लं नव्हतं. मी ताट करून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, आणि तोंडात घालून बराच वेळ चावत राहिल्या.

मग म्हणाल्या, "आळन जरा पातळ झालंय गं."

मी पातेल्याखाली पुन्हा जाळ घातला आणि मूठभर पीठ ताकात कालवायला घेतलं.